सेक्शन सातने काढलेली दृष्ट

मृणालिनीताई इनामदार कॅनडातल्या रेजिना शहराच्या मराठी मंडळींना ज्या रूपात माहीत आहेत, ते रूप खोटं नाही. पण ते निम्मंच आहे. मंडळाच्या गणपतीत अथर्वशीर्ष त्यांनीच सुरू करायचं, कोणी ऱ्हस्वाचं दीर्घ केलं की डोळे न उघडता भुवई वर करायची, आणि रविवारच्या मराठी वर्गात एखाद्या पोराने ‘बाळ’चं ‘बाल’ केलं तर त्याच्याकडून तो शब्द दहादा घोटून घ्यायचा. मंडळातल्या नव्या सुना बर्फावरून घसरून आपटल्या तरी तोंडातून काही निसटण्याआधी ताई जवळपास नाहीत ना, एवढं पाहून घेतात.

उरलेलं निम्मं रूप पाहायचं तर शनिवारी दुपारी युनिव्हर्सिटीच्या टीमची फुटबॉल मॅच गाठावी लागते. सेक्शन सात, रांग नऊ. घोट्यापर्यंतचा जाड पार्का कोट घातलेली, जेमतेम पाच फुटांची, सदुसष्ट वर्षांची एक बाई बाकावर उभी राहून रेफरीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत असते, तीच ही.

याचं मूळ कोल्हापुरात आहे. शुक्रवार पेठेत त्यांच्या घरासमोर सार्वजनिक नळ होता. वडील शाळामास्तर, घरात शिवीला सक्त बंदी; पण पाणी आलं की खिडकीबाहेर जी शाळा भरायची तिला कोण बंदी घालणार? रांग मोडून कळशी पुढे सरकवणारीला मागची म्हणायची, “तुझा मुडदा बशिवला!” पुढची त्याच्यावर चढ काहीतरी म्हणायची, आणि दुपारी दोघी एकाच पायरीवर बसून शेंगा फोडायच्या. छोट्या मृणालने हा सगळा अभ्यासक्रम खिडकीत उभं राहून पुरा केला. परीक्षेला बसायची वेळ मात्र आली नाही, कारण १९७२ मध्ये लग्न होऊन ती थेट सस्कॅचेवान प्रांतात, रेजिनाला आली.

या देशाने त्यांना सगळं दिलं. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये एकतीस वर्षांची नोकरी दिली, घर दिलं, बेसमेंट दिलं. एकच गोष्ट दिली नाही, ती म्हणजे भांडण. शेजाऱ्याच्या यंत्राने त्याच्या दारातला बर्फ यांच्या ड्राइव्हवेवर उडवला, म्हणून ताई पदर खोचून बाहेर आल्या, तर तो आधीच ‘सॉरी’ म्हणत यांचाही ड्राइव्हवे फावड्याने साफ करत होता. आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? घरात नंदकुमारराव. प्रांताच्या महामार्ग खात्यात इंजिनियर, स्वभावाने त्याच महामार्गांसारखे, नाकासमोर सरळ. बायकोने आवाज चढवला की म्हणायचे, “बरोबर आहे तुझं.” पंचवीस वर्षं हे ऐकून ऐकून मृणालिनीताईंना घशाशी येई.

मग एका शरद ऋतूत लॅबमधल्या मैत्रिणीने मॅचचं जादा तिकीट दिलं. फुटबॉल इथला, म्हणजे लंबगोल चेंडू हातात धरून एकमेकांना धडका मारायचा; नियम कळत नव्हते. पण एका चेंडूवर बाराजण तुटून पडले, खालच्याने वरच्याला ढकललं, आणि ताईंना एकदम ओळख पटली. अरे, हा तर आपला नळ! त्या दिवशी तोंडातून पहिली शिवी गेली ती पुटपुटत. तिसऱ्या मॅचला बाकावर उभं राहून गेली. कोणाला कळत नव्हतं, कोणी वळून पाहत नव्हतं. त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी सीझन तिकीट काढलं.

कोणाला कळत नसलं तरी ऐकू येत होतं. शेजारच्या सीटवरचा वेंडेल एकदा अर्थ विचारून बसला. वेंडेल म्हणजे शहराबाहेर बाराशे एकरांवर मोहरी पिकवणारा शेतकरी, अंगाने दांडगा आणि मनाने कोकरू. त्याला खरा अर्थ सांगायची ताईंना लाज वाटली.

“इट्स अ ब्लेसिंग,” त्या म्हणाल्या. “वी से इट टू अवर ओन चिल्ड्रन.”

दुसरं वाक्य तरी खरं होतं. वेंडेलला आशीर्वाद फार आवडला. त्याने तो पुढच्या रांगेतल्या ओल्गाला सांगितला. ओल्गा ही रिटायर झालेली शाळेची प्रिन्सिपल. तिने तो बाकीच्यांना शिकवला. दोन सीझनमध्ये सेक्शन सातमधले अठरा गोरे लोक, कोणी पडला, कोणाच्या हातून चेंडू सुटला, की त्याला धीर द्यायला एका सुरात ओरडू लागले, “टुजा मुर्डा बाशिवला!” ताईंनी हे तेव्हाच थांबवायला हवं होतं. त्याऐवजी त्यांच्यातली रविवारची बाई जागी झाली. “मुर्डा नव्हे. मु-ड-दा. टंग टाळूला लावा,” असं म्हणत त्यांनी हाफटाइममध्ये अठराजणांकडून तो घोटून घेतला.

असं आठ-दहा वर्षं सुखात चाललं. मग २००८ साली टीममध्ये निहार आला.

निहार सबनीस. मूळ पुण्याचे आईबाप, वाढला टोरंटोजवळ एटोबिकोत, शिकायला रेजिनात. लहानपणी सॉकर खेळून पाय तयार झालेला, म्हणून टीमने त्याला किकर, म्हणजे चेंडू लाथेने दोन खांबांमधून मारणारा, केलं. मराठी आडनाव पाठीवर वाचलं आणि ताईंना गगन ठेंगणं झालं. त्यांनी त्याला गणपतीला घरी नेलं. त्याने सात मोदक खाल्ले, “थँक यू, आंटी,” म्हणाला आणि झोपाळलेल्या डोळ्यांनी आरतीला उभा राहिला. मैदानावर पोरगं चुकतच नव्हतं, त्यामुळे त्याच्यावर शिवी खर्च करायची वेळच आली नाही. त्याच्या पायाच्या जोरावर टीम प्लेऑफला, हरलं की सीझन संपला अशा बाद फेरीला, गेली. आणि मॅचच्या आठवड्यात एटोबिकोहून फोन आला.

“ताई, मी गौरांगी, निहारची आई. मॅचला येतेय. एखादं बरं हॉटेल सुचवाल का?”

“हॉटेल? मी मेले का काय इथे?” ताई म्हणाल्या. “घर आहे, गेस्टरूम आहे. माझ्या शेजारचं तिकीटसुद्धा काढून ठेवते.”

फोन ठेवल्यावर आपण काय बोलून बसलो ते त्यांच्या ध्यानात आलं. शेजारचं तिकीट! त्यांनी वेंडेलला फोन केला, ओल्गाला केला, अठराच्या अठराजणांना केला. शनिवारी मराठी अजिबात बंद. फक्त इंग्लिश.

“पण आईला तर आपला आशीर्वाद ऐकायला आवडेल,” वेंडेल हिरमुसून म्हणाला.

“ती फार लाजाळू आहे,” ताईंनी ठोकून दिलं.

शनिवार उजाडला. उणे नऊ, आणि रेजिनाला पाचवीला पुजलेला वारा. गौरांगी पन्नाशीच्या आतबाहेरची, एका बँकेत सॉफ्टवेअर टेस्टिंग करणारी, शिडशिडीत आणि कमी बोलणारी बाई होती. सेक्शन सातने तिचं राणीसारखं स्वागत केलं. कोणी घोंगडी दिली, कोणी कॉफी. आणि तीन तास त्या अठराजणांनी दिलेला शब्द असा पाळला की ताईंना भरून आलं. चेंडू सुटला तरी “ओह, दॅट्स टू बॅड.” माणूस आडवा झाला तरी “नाइस ट्राय.” वेंडेलने तर दोनदा स्वतःच्या तोंडावर लोकरी हातमोजा दाबून धरला.

शेवटची अकरा सेकंदं उरली तेव्हा पाहुणे चोवीस, आपण बावीस. गोल मारला की तीन पॉइंट आणि मॅच खिशात. अंतर सव्वीस यार्ड, म्हणजे निहारला डाव्या हातचा मळ. पोरगं पुढे आलं. गौरांगीने डोळे मिटून घेतले. निहार धावला, त्याने चेंडू मारला, आणि चेंडू डाव्या खांबाच्या बाहेरून, कोणाचं काही देणं नसल्यासारखा, निघून गेला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. कॅनडातल्या फुटबॉलमध्ये गोल हुकला, पण चेंडू पार मागच्या रेषेबाहेर गेला, तर एक पॉइंट मिळतो. नेम चुकल्याबद्दल बक्षीस देणारा दुसरा खेळ या पृथ्वीवर विरळाच. चोवीस-तेवीस. जखमेवर मीठ चोळावं तसा तो एक पॉइंट फलकावर लागला, आणि हजारो माणसांनी एकदम श्वास सोडला. सीझन संपला. लोक “ओह वेल,” म्हणत घोंगड्यांच्या घड्या घालू लागले.

त्या शांततेत मृणालिनीताई बाकावर चढल्या.

“निहाऱ्या! तुझा मुडदा बशिवला मेल्या!”

वेंडेलला वाटलं, बंदी उठली. बिचारा तीन तास कोंडला होता. तो उठला, ओल्गा उठली, अठराजण उठले, आणि मैदानाच्या मध्ये गुडघ्यांवर बसलेल्या त्या पोराला धीर द्यायला सबंध सेक्शन सातने, छातीच्या भात्यात होता नव्हता तेवढा वारा भरून, मुडद्यातला ड अगदी स्वच्छ उच्चारत, तीनदा घोष केला.

ताईंनी शेजारी पाहिलं. गौरांगीच्या तोंडावरचं रक्त उतरलं होतं.

गाडी घराकडे निघाली. सिग्नलला ताई म्हणाल्या, “गौरांगी, अगं, ती आपली आमच्याकडची बोलायची पद्धत. मनात काही नसतं.”

“माझ्या सासूबाई साताऱ्याच्या होत्या, ताई. मला अर्थ कळतो.” गौरांगी समोर बघत होती. “लग्नानंतर नऊ वर्षांनी झाला हा. तीन वर्षांचा असताना बावीस दिवस आयसीयूत होता. तेव्हापासून माझ्या घरात तो शब्द काढत नाही कोणी. मोबाइलची बॅटरी मेली असंही मी म्हणत नाही. बॅटरी संपली म्हणते.”

“असं शब्दांनी काही होत नसतं गं. मी एकतीस वर्षं लॅबमध्ये...”

“मी रोज टेस्टिंगच करते. लॉजिक मला नका शिकवू. सगळं कळतं मला. तरी.” आता ती ताईंकडे वळली. “एकोणीस माणसं, ताई. एकोणीस माणसं उभी राहून माझ्या मुलाला मर म्हणाली.”

 अठराजणांचं सोडा, त्यांना काय ठाऊक होतं? प्रश्न एकोणिसावीचा होता. नळावरच्या बायका मनात काही न ठेवता बोलायच्या. पण बाकावर चढल्या त्या एका सेकंदाला ताईंना खरा राग आला होता, आणि तो वाऱ्यावर नव्हता, रेफरीवर नव्हता, त्या पोरावर होता. हे दुसऱ्या कोणाला माहीत नव्हतं. त्यांना माहीत होतं.

पुढचं संकट पाच वाजता दारात उभं राहणार होतं. सीझनमधल्या घरच्या मैदानावरच्या शेवटच्या मॅचनंतर सेक्शन सात कोणाच्या तरी गराजमध्ये जमून जेवतो, आणि यंदा पाळी इनामदारांची होती. नंदकुमाररावांनी सकाळपासून दोनशे बटाटेवड्यांचं सारण करून ठेवलं होतं. पाचला गाड्या लागल्या. ओल्गाने बटाटा भरलेले, करंजीसारखे पेरोगी आणले, वेंडेलने राजम्याचं पातेलं, आणि दर वर्षीसारखी ताईंसाठी आइस्क्रीमच्या डब्यातून स्वतःच्या शेतातली मोहरी. सगळ्यांचे चेहरे सुतकी. मग ओल्या केसांनी निहार आला. एकेकाने जाऊन त्याच्या खांद्यावर थोपटलं. “गुड सीझन, सन.” “यू गॉट अस द पॉइंट.” दर थोपटण्याला पोराची मान आणखी खाली जात होती.

गौरांगी किचनमधून गराजमध्ये आली. हातात वाटी होती. “ताई, मीठ यात घेतलंय. मिरच्या द्या. ज्या ज्या तोंडाने म्हटलं, त्या त्या माणसाने त्याची दृष्ट काढायची. नाहीतर मी आत्ता टॅक्सी बोलावते.”

“आई, सीरियसली?” निहार म्हणाला. “स्टॉप. प्लीज.”

“तू गप्प बस.”

आता खरं सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मृणालिनीताई बिअरच्या क्रेटवर उभ्या राहिल्या, आणि दहा वर्षांचा आशीर्वाद म्हणजे नेमकं काय होतं, हे त्यांनी सेक्शन सातला इंग्रजीत सांगितलं. मढं. बसवलेलं. प्रेतयात्रेला तयार.

ओल्गाने हातातली पेरोगींची बशी खाली ठेवली.

“मी नातवाच्या पदवीदानात म्हटलं ते,” ओल्गा खुर्चीत बसत म्हणाली. “माइकवरून.”

“मी मुलीच्या लग्नात टोस्ट केला,” वेंडेल म्हणाला. त्याचा चेहरा बिटासारखा झाला होता. “दोनशे लोक ग्लास वर करून म्हणाले. जावयाची आईसुद्धा.”

गौरांगीच्या ओठांचा कोपरा हलल्यासारखा वाटला, पण वाटी हातातून सुटली नाही. ताईंनी दृष्ट म्हणजे काय ते समजावलं. मीठ, मोहरी, मिरच्या मुठीत घ्यायच्या, माणसावरून उतरवायच्या, विस्तवात टाकायच्या. कोणी हसेल असं त्यांना वाटलं होतं. ओल्गाने बाह्या वर केल्या. “माझी युक्रेनियन बाबा, म्हणजे आजी, यासाठी पाण्यात मेण ओतायची. मिरच्या कुठे आहेत?” आणि वेंडेल डोळे पुसत म्हणाला, “मोहरी माझी आहे. मी पहिला.”

आत स्टोव्हवर केलं असतं तर स्मोक अलार्मने गल्ली गोळा केली असती, म्हणून नंदकुमाररावांनी मागच्या अंगणात बार्बेक्यूत कोळसे पेटवले. लॉनचेअरवर निहार बसला. अठराजण रांगेत उभे राहिले. मान्य केलं पाहिजे, की रांग हा प्रकार कोल्हापूरच्या नळाला कधी जमला नव्हता. एकेकजण पुढे येई, मूठ त्या पोराच्या डोक्यावरून तीनदा फिरवी, आणि तोंडाने काय म्हणावं ते न कळून जे येईल ते म्हणे. “सॉरी, बडी.” “आय डिडन्ट नो.” वेंडेलला फिरवता फिरवता राहवलं नाही. “डावीकडे वारा होता रे, नेम थोडा उजवा धरायचा होतास,” असं तो इंग्रजीत पुटपुटला, आणि निहार दिवसभरात पहिल्यांदा मान वर करून म्हणाला, “आय नो! आय नो, ओके?” थोपटून जे झालं नव्हतं ते त्या एका वाक्याने झालं. पोरगं ओरडलं, आणि ओरडल्यावर ताठ बसलं.

“कळणार कसं, उतरली की नाही ते?” ओल्गाने विचारलं.

“ठसका लागला तर दृष्ट नव्हतीच,” गौरांगी म्हणाली. “मिरच्या जळूनही नाकातोंडात जाणारी खाट आली नाही, तर समजायचं की लागली होती.”

अठरा मुठी कोळशांवर पडल्या. वेंडेलची मोहरी तडतडली, आणि लवंगी मिरच्यांचा असा काही लोट उठला की अठराजण तोंडावर टोप्या दाबून कुंपणापर्यंत पळाले. खोकून खोकून ओल्गाचा चष्मा बर्फात पडला. गौरांगीने खोकतच मान डोलावली. कोणाच्या मनात काही नव्हतं.

“आता तुम्ही, ताई.”

लवंगी संपली होती. नंदकुमारराव बरणीच्या तळातल्या पाच मिरच्या घेऊन आले आणि कानाशी म्हणाले, “ब्याडगी आहेत गं. रंगाच्या. तिखट नाहीत.”

“असू दे.”

त्यांनी मूठ भरली. समोर बसलेलं वीस वर्षांचं पोरगं त्यांच्याकडे बघत होतं. मोदक खाताना दिसलं होतं तेवढंच लहान दिसत होतं. “इडापिडा टळो,” त्या म्हणू लागल्या, “आल्यागेल्याची, घरच्या-दारच्याची...” आणि पुढचं त्या हळू म्हणाल्या, “माझी. माझी दृष्ट लागली असेल तर जळून जाऊ दे.” त्यांनी मूठ कोळशांवर रिकामी केली.

मोहरी तडतडली. मिरच्या काळ्या पडल्या. वारा थांबलेला, धूर सरळ वर जात होता. खाट नाही. ठसका नाही.

ब्याडगी आहे, ताईंनी स्वतःला बजावलं. ब्याडगीला ठसका नसतो, हे पोळपाट-लाटण्यालाही माहीत आहे. एकतीस वर्षं मायक्रोस्कोपला डोळा लावणारी बाई मी. पण त्या नाक पुढे करून, अगदी बार्बेक्यूवर ओणवून, त्या धुरातून काहीतरी तिखट यावं म्हणून हुंगत होत्या. काही येत नव्हतं. गौरांगीची नजर आपल्या पाठीवर आहे हे त्यांना कळत होतं.

तेवढ्यात निहार खोकला. इतकं खोटं खोकला, की शाळेच्या नाटकातून काढून टाकला असता. त्याने वेंडेलकडे पाहिलं. वेंडेल खोकला. ओल्गा खोकली. आणि कोणी एकाने सुरू केलं की सगळ्यांनी मिळून करायचं, ही सेक्शन सातची सवयच. अठराच्या अठराजण त्या थंड, निर्मळ हवेत एका सुरात ढासायला लागले. नंदकुमारराव, ज्यांनी आयुष्यात एका मॅचला पाऊल टाकलं नव्हतं, ते सगळ्यांत मोठ्याने.

खोकत नव्हत्या त्या फक्त मृणालिनीताई. त्या तशाच ओणव्या उभ्या होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

गौरांगी जवळ आली. अठराजणांच्या खोकल्याकडे तिने लक्षही दिलं नाही. तिने ताईंची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला, आणि एखादा रिपोर्ट वाचावा तसा बराच वेळ पाहिला.

“डोळ्यांत गेलंय ना?” ती म्हणाली.

ताईंनी होकाराने मान हलवली.

“मग झालं. लागलं तिखट.” गौरांगीने आपल्या ओढणीच्या टोकाने त्यांचे डोळे पुसले. “चला आत, ताई. वडे तळायचे राहिलेत.”